प्रुइट देणार नाही

लोरेन, ओहायो
९ जून १९८७

रूडी,

नाही.

आपल्या खेळाच्या कलम नऊप्रमाणे प्रत्येक प्रस्तावाला दहा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, तेही कारणासह. म्हणून हा कागद खर्ची घालतोय; नाहीतर तुझ्या पोस्टकार्डाला मी उत्तर दिलंच नसतं. चौदा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. पुढच्या बाजूला निवडुंग, मागच्या बाजूला एक ओळ: ‘प्रुइट हवा. बदल्यात राखीव कॅचर देतो.’ कसा आहेस नाही, काय नाही. त्यापेक्षा निवडुंग जास्त मायाळू वाटला.

आता कारण.

लाईल प्रुइट हा आपल्या क्लीव्हलँडचा पाचवा पिचर. नऊ डावांमागे पावणेपाच धावा देतो हे मलाही माहीत आहे, पेपर मीही वाचतो. पण रूडी, संघातले पाच पिचर पाळीपाळीने चेंडू फेकून सामने सुरू करतात, त्यातला पाचवा कशासाठी असतो? पहिल्या चौघांचे खांदे शाबूत राहावेत म्हणून. यंदा प्रुइटने दहा सामने सुरू केले आणि त्यातल्या आठांत सातव्या डावापर्यंत तो उभा होता. मार खाल्ला, पण उभा होता. तुझा तो पहिल्या नंबरचा राजपुत्र चौथ्या डावात कोपर धरून आत जातो. मी एकवीस वर्षं लोकांच्या गॅरेजचे दरवाजे बसवतोय. सकाळी सात वाजता येतो म्हणून सांगून सात वाजता येणारा माणूस किती दुर्मीळ असतो हे मला विचार.

आणि बदल्यात राखीव कॅचर! जो कॅचर महिन्यात चार दिवस चेंडू झेलायला उभा राहतो आणि तीन दिवस चुकतो.

तुझ्या नव्या बायकोला हे सगळं तू सांगितलं असशीलच. नागीच्या सलूनमधल्या आठ रिकामटेकड्यांनी दर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी खऱ्या बेसबॉल खेळाडूंची नावं आपसांत वाटून घ्यायची, एकदा घेतलेलं नाव तीन वर्षं सांभाळायचं, रोज सकाळी पेपरात त्यांचे आकडे बघायचे, आणि सप्टेंबरअखेर ज्याच्या नावांचे आकडे भारी तो जिंकला. एवढंच. त्यावर ती म्हणाली असेल, ‘आणि एवढ्यासाठी तुझा सख्खा भाऊ आपल्या लग्नाला आला नाही?’

तिला म्हणावं, हो. एवढ्यासाठीच.

एक आठवण करून देतो, कारण नागी आता सत्तरीला आलाय आणि विसरतो. कलम तेरा: जो लागोपाठ तीन निवडींना गैरहजर राहील त्याचा संघ मोडायचा आणि खेळाडू बाकीच्यांत वाटायचे. शहाऐंशी चुकवलीस, सत्त्याऐंशी चुकवलीस. संघ दर आठवड्याला नागीला पोस्टाने कळवून चालवतोस ते ठीक आहे. पण खुर्चीत माणूस दिसला पाहिजे. पुढचा एप्रिल तिसरा. संघ गेला की मग प्रस्तावही नाहीत आणि मला उत्तरंही लिहावी लागणार नाहीत. माझी बरीच तिकिटं वाचतील.

एमिल


लोरेन
३ जुलै

रूडी,

नाही.

तुझं दुसरं पोस्टकार्ड मी सलूनमध्ये मोठ्याने वाचलं. ‘थोरले, तो पाचवा पिचर नाही, ती स्टेपनी आहे. तरी दया म्हणून मोरालेस देतो.’ हे ऐकून हेक्टर रोसारियो ताडकन उठला. नागीचा वस्तरा त्याच्या गालावर होता, नशीब कान शाबूत राहिला.

‘मोरालेस देतोय? स्टेपनीच्या बदल्यात चालू गाडी देतोय? एमिल, घे रे बाबा! हो म्हण!’

‘बस खाली,’ नागी म्हणाला. ‘अर्ध्या दाढीने बाहेर पडलास तर दुकानाचं नाव जाईल.’

‘पण काका, याला सांगा ना! प्रुइट पाच जिंकला, पाच हरला. याला पिचिंग म्हणतात? ही तर नवराबायकोची भांडणं झाली.’

बस चालवणारा ओटिस टिब्स पेपरामागून बोलला, ‘माझ्या बसचा ब्रेक प्रुइटसारखा आहे. लागतो, पण पुढच्या चौकात.’

‘आणि तुझ्या बसमधून कुणी मेलंय का आजवर?’ मी विचारलं.

‘नाही.’

‘झालं तर मग!’

यावर दीड तास वाद झाला. गिऱ्हाइकं आली, बसली, वादात पडली आणि केस न कापता गेली. ओटिसचं म्हणणं, पाचव्या पिचरला बाजारात भाव नसतो, कारण प्रत्येकाकडे एक असतोच. माझं म्हणणं, प्रत्येकाकडे असतो ना, मग नसला की काय होतं ते बघा. मागच्या वर्षी हेक्टरकडे नव्हता. ऑगस्टमध्ये त्याचा संघ बर्फासारखा विरघळला. हेक्टर म्हणाला, ते दुःख उकरू नकोस. शेवटी नागीने निकाल दिला: प्रुइट चांगला आहे की नाही ते ठाऊक नाही, पण एमिलला तो आवडतो, आणि आवडणाऱ्या वस्तूची किंमत ठरवायला बसणारा माणूस गाढव.

तेव्हा लेखी कारण: मला तो आवडतो.

जाता जाता. महिन्यातून एकदोनदा माझ्या दुकानात फोन येतो, डोलोरेस उचलते, पलीकडे कुणी बोलत नाही. काल मी तिच्या हातून घेतला. माझे कान तुला माहीत आहेत. दरवाजा वर जाताना कुठली स्प्रिंग थकली आहे ते मी रस्त्यावरून सांगतो. फोनवर मागे पाण्याच्या कूलरची घरघर होती, तसली वाळवंटातली. इथे तळ्याकाठी असला कूलर कुणाकडे नाही.

रूडी, फोन केलास तर बोलत जा. श्वास ऐकायला मला डॉक्टर नेमलेलं नाही.

एमिल


लोरेन
२० जुलै

रूडी,

या वेळी तुझा प्रस्ताव आलेला नाही, त्यामुळे हे पत्र लिहायला कुठलंही कलम मला भाग पाडत नाही. राग आलाय म्हणून लिहितोय.

काल स्टेडियमवर गेलो होतो. तुझ्या खुर्चीत डोलोरेस होती. हो, तुझ्याच खुर्चीत. तुझी पहिली बायको माझ्या दुकानात अकरा वर्षं फोन सांभाळते. तू ॲरिझोनात गेलास म्हणून तिला सामने आवडायचे थांबले नाहीत. तू निरोप पाठवला होतास ना, ‘ती त्या दुकानात आहे तोवर मी त्या दुकानात पाय ठेवणार नाही’? मग नको ठेवूस. ती जागेवरच राहील. गिऱ्हाइकाचा आवाज ऐकून तो खरा चिडलाय की नुसता सवलत मागतोय हे माझ्यापेक्षा तिला लवकर कळतं. असं माणूस मी कुणाच्या रुसव्यापायी घालवत नाही. सख्ख्या भावाच्याही.

तर स्टेडियम. चौऱ्याहत्तर हजारांची जागा आणि आम्ही सहा हजार. अशा वेळी सगळं ऐकू येतं. दुसऱ्या बाजूचा शेंगदाणेवाला शिंकला तरी. प्रुइट कडेला उभा राहून हात मोकळा करत होता. आम्ही खाली कठड्याशी गेलो. मी डोळे मिटून कॅचरच्या ग्लोव्हमधला आवाज ऐकत राहिलो. मे महिन्यात तो आवाज ओल्या टॉवेलसारखा होता. काल ठणठणीत, लाकडाच्या फळीवर हातोडी पडावी तसा. डोलोरेस म्हणाली, ‘आज जिंकतोय हा.’ जिंकला. आठ डाव, दोन धावा. पेपरात बघ.

पण राग त्याचा नाही. हात मोकळा करून झाल्यावर तो टॉवेलने मान पुसत कठड्याजवळ आला. चौतीस वर्षांचा माणूस, कपाळाला पन्नाशीच्या आठ्या. मी म्हटलं, ‘प्रुइट, आमच्या सलूनच्या लीगमध्ये तू माझ्याकडे आहेस.’

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, ‘अरेच्चा. म्हणजे तो तू!’

‘तो कोण?’

‘मार्चमध्ये सरावाला ॲरिझोनात, टूसॉनमध्ये होतो. तिथे एक माणूस रोज कुंपणाशी यायचा. म्हणायचा, मी नऊ वर्षं तुझ्या मागे उभा होतो, आणि माझ्या थोरल्या भावाने तुला चोरलं.’

डोलोरेस एवढी हसली की तिच्या हातचा हॉटडॉग खाली पडला. प्रुइट म्हणाला, ‘माझ्यावरून दोन माणसं भांडतात हे माझ्या मालकांना जरा कळवाल का? आमच्याकडे माझा भाव असा आहे की मी शूज बांधतानाही फोनकडे कान ठेवतो.’

चोरलं? रूडी, मी चोरलं?

काय झालं ते आज लिहूनच ठेवतो. लग्नाची तारीख तू एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ठेवलीस. तू म्हणतोस, नवरीच्या, म्हणजे मार्गीच्या, चर्चमध्ये दुसरी तारीख नव्हती. आपण सुरू केलेल्या खेळात अकरा वर्षांत एकही निवड हलली नव्हती. नागीच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. तू तारीख ठेवलीस तेव्हाच मला कळलं की तू मला दोघांतलं एक निवडायला लावतोयस. मला कुणी असं कोपऱ्यात धरलं की मी काय करतो, ते आईला ठाऊक होतं, तुलाही आहे. मी विमानाचं तिकीट काढलं होतं. तपकिरी सूट कव्हरमधून बाहेर काढला होता. आणि त्या शनिवारी सकाळी मी तो सूट घालून नागीच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. दिवसभर. सूट घालून. हेक्टरने विचारलं, कोण वारलं?

तू नागीला तुझी यादी पोस्टाने पाठवली होतीस. प्रुइटच्या नावाखाली दोन रेघा होत्या. शेवटच्या फेरीपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही, कारण तो तुझा हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या फेरीत तुझ्या आधी माझा नंबर आला. मी प्रुइट घेतला.

का घेतला ते विचारू नकोस. लेखी कारण मी फक्त कलम नऊखाली देतो.

एमिल


लोरेन
११ ऑगस्ट

रूडी,

नाही. आणि तुझं डोकं उन्हाने फिरलंय.

बास्कम? प्रुइटच्या बदल्यात टेरी बास्कम? आपल्या लीगमधला सगळ्यात भारी बॅटर, ज्याच्या एकट्याच्या जिवावर तू आज दुसऱ्या क्रमांकावर आहेस, तो तू पाचव्या पिचरसाठी देतोस? मी पोस्टकार्ड उलटं धरून पाहिलं, म्हटलं वाचण्यात चूक झाली असेल.

सलूनमध्ये हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं. ओटिसने पेपर खाली ठेवला, जे तो स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातही करत नाही.

‘सही कर,’ हेक्टर कुजबुजला. ‘तो शुद्धीवर यायच्या आत.’

‘तो शुद्धीवरच आहे,’ मी म्हटलं. ‘त्याला काहीतरी माहीत आहे. मार्चभर कुंपणाशी उभा होता. प्रुइट नवीन चेंडू शिकलाय. किंवा त्याला मोठ्या संघाकडून मागणी आली आहे.’

‘किंवा,’ नागी म्हणाला, ‘तुझा भाऊ तुझ्याएवढाच गाढव आहे. एका घरात वाढलात.’

मी रात्रंदिवस आकडे तपासले. चौदाव्या सामन्यापासून पुढे, प्रत्येक डाव. नवीन चेंडू नाही. तोच जुना, वळतो न वळतोसा वाटणारा. जुलैनंतर तो नऊ डावांमागे साडेतीन धावा देतोय, हे चांगलं आहे, पण बास्कमएवढं? चार प्रुइट एकत्र बांधले तरी एक बास्कम होत नाही, आणि हे मी म्हणतोय, त्याचा वकील. मला तुझा डाव कळलेला नाही. मला डाव कळला नाही की मी पत्ते खाली ठेवत नाही. हे पहिलं कारण.

दुसरं कारण लिहायचं नव्हतं, पण कलम नऊ म्हणतं सगळी कारणं लिहा.

तुला वाटतं शहाऐंशीच्या निवडीत तुझ्यासाठी बास्कम नागीने निवडला. गैरहजर माणसाची निवड तो करतो, असा नियम आहे. पण त्या दिवशी नागी म्हणाला, ‘तुझा भाऊ आहे, तू कर.’ पहिल्या फेरीत माझा नंबर तुझ्या आधी होता. बास्कम समोर होता. हजर असलेल्या सातही जणांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी मुद्दाम दुसऱ्याचं नाव घेतलं, एका डावखुऱ्याचं, ज्याचा मे महिन्यात पाय मोडला. आणि पुढच्या मिनिटाला तुझ्या नावापुढे बास्कम लिहिलं. हेक्टर ओरडला, ‘अरे, सुटात येऊन डोकं घरी ठेवून आलास का?’ मी म्हटलं, आज त्याचं लग्न आहे.

तो आहेर होता, रूडी. आहेर मी परत घेत नाही. मार्गीला विचार, तिच्याकडे तरी घेतात का.

एमिल


लोरेन
२४ ऑगस्ट, एक्स्प्रेस पोस्टाने

रूडी,

तू पेपरात वाचलंच असशील. शनिवारी आपल्या क्लीव्हलँडने लाईल प्रुइटला दुसऱ्या लीगमध्ये, सॅन डिएगोला देऊन टाकलं. बदल्यात काय मिळालं? ‘एक खेळाडू, नाव मागाहून ठरवू.’ चार वर्षं ज्याने या शहरासाठी थंडीत, पावसात, रिकाम्या खुर्च्यांपुढे खांदा झिजवला, त्याचा मोबदला म्हणजे नाव नसलेला माणूस. रेडिओवर निवेदक हे सांगताना एवढ्या आनंदात होता की मी दुकानातला रेडिओ बंद केला. दोन गिऱ्हाइकं बघत राहिली.

आपल्या खेळात क्लीव्हलँड ज्या लीगमध्ये खेळतं फक्त तिचेच आकडे धरतात. म्हणजे शनिवारपासून प्रुइटचं मोल शून्य. तो सॅन डिएगोत रोज जिंकला तरी माझ्या वहीत भोपळा.

हे ऐकल्यावर हेक्टर सलूनमध्ये डोकं धरून बसला. ‘बास्कम मिळत होता! बास्कम! लोकांना देव दारात येऊन विचारतो, आणि हा त्याला कलम नऊ वाचून दाखवतो!’ त्याचं बरोबर आहे. माझ्याकडून चूक झाली हे मी मान्य करतो. पण चूक कुठे झाली ते मला आज सकाळी कळलं, आणि तेही डोलोरेसने सांगितलं तेव्हा.

मी तुझी तिन्ही पोस्टकार्डं टेबलावर मांडून बसलो होतो. राखीव कॅचर, मग मोरालेस, मग बास्कम. भाव चढत गेलेला. मी तिला म्हटलं, ‘बघ, एवढा हुशार माणूस, आणि पाचव्या पिचरसाठी घरदार द्यायला निघाला. त्याला त्यात काय दिसलं?’

ती बिलं लावत होती. मान वर न करता म्हणाली, ‘एमिल, तू हो म्हणाला असतास तर सही कुठे करावी लागली असती?’

‘नागीच्या सलूनमध्ये. कलम दहा. दोघांनी समोरासमोर, एकाच कागदावर. फोनवर नाही, पोस्टाने नाही.’

‘हं,’ ती म्हणाली आणि बिलं लावत राहिली.

रूडी, हे कलम तूच घातलं होतंस. एकोणऐंशी साली, मी फोनवर हो म्हणून दुसऱ्या दिवशी फिरलो होतो तेव्हा. आठ जणांत हे कलम माझ्याएवढं कुणाला पाठ नाही. आणि तीन महिने मी तुला प्रुइटचे आकडे शिकवत बसलो.

मी माफी मागत नाही. लग्नाची तारीख तूच ठेवली होतीस, आणि डोलोरेस जागेवरच राहणार आहे. ‘मी येतो’ हे दोन शब्द पोस्टकार्डावर मावले असते. निवडुंगाने फारशी जागा अडवली नव्हती. पण तू कोवालिक घराण्यातला आहेस. बोलावल्याशिवाय येणार नाहीस, आणि बोलाव म्हणून सांगणारही नाहीस. मी तरी कुठे वेगळा आहे.

तर ऐक. उत्तर: हो.

बास्कम घेणार नाही. फुकट देता येत नाही असं कलम अकरा म्हणतं, म्हणून तुझा पहिला प्रस्ताव मंजूर: प्रुइटच्या बदल्यात राखीव कॅचर. एक कुचकामी घे, एक कुचकामी दे. अदलाबदलीची मुदत सोमवारी, ३१ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. सोमवारी सलून बंद असतं, पण मुदतीच्या दिवशी नागी चारला उघडतो हे तुला माहीत आहे. दोन हजार मैल यायचं, आणि मिळणार काय? शून्य. कुठलाही शहाणा माणूस येणार नाही.

सहानंतर कागद फाडला जाईल.

एमिल


लोरेन
८ सप्टेंबर

रूडी,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे मार्गीच्या फोनवरून कळलं. आता ती बोलते, बरं वाटलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी ३१ तारखेची नोंद करून ठेवतो, कारण तू टूसॉनमध्ये हे वेगळंच सांगशील.

पावणेसहा वाजले होते. ओटिसने तू येणार नाहीस म्हणून हेक्टरशी एका जेवणाची पैज लावली होती. मी नागीच्या खुर्चीत बसलो होतो, दाढी करायची नसताना. दाराकडे उघड बघितलं असतं तर त्या दोघांनी वर्षभर मला छळलं असतं, आरशातून बघितलेलं कुणाला कळत नाही. दाराची घंटा वाजली. तीन दिवस गाडी चालवून सुजलेल्या डोळ्यांनी तू आत आलास, माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि म्हणालास, ‘नागीकाका, नंबर आहे का?’

नागी म्हणाला, ‘सोमवारी दुकान बंद असतं.’

मग हसलं कोण आधी? तू. मी नाही. साक्षीदार आहेत.

सही केलीस, ‘घे तुझा कॅचर, थोरले’ म्हणालास, आणि गाडी नीट लावायला बाहेर गेलास. त्यानंतर दहा मिनिटांत काय झालं ते तुला माहीत नाही. मार्गी दाराशी अवघडून उभी होती, हेक्टर तिला बसायला खुर्ची देत होता, एवढ्यात मागच्या दाराने डोलोरेस आली. हातात पेन. म्हणाली, ‘नागीचं पेन कधी उठत नाही, म्हटलं घेऊन जावं.’ मग तिने मार्गीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘तू मार्गी.’

‘हो.’

‘सात वेळा फोन करून ठेवून दिलास.’

मार्गी लाल झाली. ‘तुम्ही उचललात की काय बोलावं कळत नव्हतं. मी भावजींना विचारणार होते, रूडीला बोलावता का म्हणून. हा रोज संध्याकाळी त्यांची पत्रं काढून वाचतो, आणि मग अंगणात जाऊन शिव्या देतो.’

‘मला पहिल्याच वेळी कळलं,’ डोलोरेस म्हणाली. ‘बाईचा श्वास होता. हे कानवाले महाशय म्हणत होते, रूडी आहे.’

ओटिस आणि हेक्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही. कूलर ओळखला, पण बायको ओळखली नाही.

तू परत आलास तेव्हा डोलोरेस तुला ‘पोट सुटलंय’ म्हणाली, तू तिला ‘केस रंगवलेस’ म्हणालास, तेवढ्यावर तुमचं भागलं. त्यापेक्षा जास्त मला नकोच होतं. दुकानात पाय ठेवणार नाही म्हणाला होतास, ठेवलाही नाहीस. पण जाण्याआधी दुकानासमोर गाडी थांबवून तू पाटी वाचत बसला होतास. मी दाराआडून पाहिलं. कोवालिक ब्रदर्स. तो शेवटचा ‘ब्रदर्स’ पुसायला रंगारी दोनदा आला होता. एकदा पावसाने परत गेला आणि एकदा मी त्याला चुकीचा दिवस सांगितला.

बाकी ठीक. तुझा कॅचर परवा एकाच सामन्यात दोनदा चुकला. प्रुइट सॅन डिएगोत पहिला सामना सात डाव खेळून हरला, म्हणजे तब्येत चांगली आहे. तुझ्या घरापासून फार लांब नाही. जाऊन ये, कठड्याशी उभा राहा, सांग की तू जिंकलास.

आता कामाचं. कलम नऊखाली लेखी प्रस्ताव:

लाईल प्रुइट मला परत हवा. त्याचं मोल शून्य आहे हे मला माहीत आहे. बदल्यात तुझाच कॅचर देतो. यंदाची मुदत संपली, तेव्हा हो म्हणालास तर सही पुढच्या निवडीच्या दिवशी, २ एप्रिलला. तो ईस्टरच्या आदल्या दिवशी येतोय. सकाळी चर्चमध्ये ईस्टरच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद मिळेल, त्यानंतर अकरा वाजता नागीच्या सलूनमध्ये. मार्गीलाही टोपली आणायला सांग.

आणि नाही म्हणालास तर दहा दिवसांत कळव. कारणासह.

एमिल